खेळावरच्या युक्तिवादपर निबंधासाठी विषय कसा निवडावा?

निबंधार्थी

पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी १२०० शब्दांचा युक्तिवादपर निबंध द्यायचा आहे. क्षेत्र ‘खेळ’ एवढंच ठरलेलं आहे. नेमका विषय आपण निवडायचा आणि बाईंकडून मंजूर करून घ्यायचा. एक ठाम भूमिका हवी, विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडून त्याला उत्तर हवं आणि निदान पाच विश्वासार्ह आधार हवेत. मुदत तीन आठवड्यांची.

सध्या डोक्यात हे विषय आहेत: जीवनात खेळाचे महत्त्व; मैदानी खेळ की मोबाइलवरचे खेळ; क्रिकेटमुळे इतर खेळ मागे पडले; ऑलिंपिकमध्ये भारत मागे का; महिला खेळाडूंना समान मानधन. यातला कोणता घ्यावा? आणि विषय टिकणारा आहे की नाही, हे लिहायला बसण्याआधी कसं ओळखायचं?

लालशाई

आधी विषयाचं एका वाक्यात विधान करा. मग त्याच्या बरोबर उलट विधान लिहा आणि स्वतःला विचारा, त्या खेळातला एखादा जाणकार माणूस हे उलट विधान गंभीरपणे मांडेल का? ‘खेळ महत्त्वाचे नाहीत’ असं कुणी म्हणणार नाही, म्हणून तुमचा पहिला विषय इथेच गळतो. त्यावर निबंध होईल, युक्तिवाद होणार नाही.

मोबाइलच्या विषयाचं तेच. मैदान आणि मोबाइल यांतलं एकच निवडायची सक्ती कुणावर नाही, त्यामुळे दोनशे शब्दांनंतर लिखाण उपदेशाकडे घसरतं. पण त्याला लागूनच एक खरा वाद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. संपूर्ण बंदी योग्य, की वयाची आणि रकमेची मर्यादा घालून परवाना द्यायला हवा होता? इथे दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत.

‘ऑलिंपिकमध्ये भारत मागे का’ हा प्रश्न आहे, भूमिका नाही. अशा विषयावर हमखास यादी तयार होते: सुविधा नाहीत, गरिबी आहे, संघटनांत राजकारण आहे, पालक खेळू देत नाहीत. प्रत्येक कारणाला एक परिच्छेद आणि एकाही कारणाला पुरावा नाही. घ्यायचाच असेल तर त्यातलं एक कारण आणि त्यावरचा एक उपाय उचला.

क्रिकेटच्या विषयात अडचण वेगळी आहे. क्रिकेट नसतं तर तो पैसा आणि ते प्रेक्षक हॉकीला किंवा कुस्तीला मिळाले असते, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. १२०० शब्दांत ते होत नाही. हाच विषय जमिनीवर आणला तर मात्र चांगला होतो: ‘महापालिकेने आपल्या मैदानांवर दररोज ठरावीक वेळ क्रिकेटखेरीज इतर खेळांसाठी राखून ठेवावी.’ मधोमध खेळपट्टी असली की तिच्यावर दुसरा खेळ होऊ देत नाहीत, आणि सीझन बॉलने, म्हणजे कडक चामडी चेंडूने, सराव चालू असताना शेजारी लहान मुलांना पळवता येत नाही. दुसरीकडे पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटरच जागा लागते, म्हणजे ‘जागाच नाही’ हा बचाव तपासून बघण्यासारखा आहे. आधार म्हणून मैदानाचं शुल्कपत्रक, वेळापत्रकाचा फलक आणि दोन-तीन मैदानांवर आठवडाभर तासागणिक केलेली नोंद चालेल. माहिती अधिकाराच्या भरवशावर मात्र राहू नका. उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस असतात आणि तुमच्याकडे २१ आहेत.

विधानाचा साचा असा ठेवा: कोणी, काय करावं किंवा करू नये, आणि कशासाठी. ‘कोणी’ची जागा रिकामी राहत असेल तर विषय अजून मोकाट आहे. ‘समाजाने’, ‘आपण सर्वांनी’, ‘सरकारने’ हे शब्द त्या जागी चालत नाहीत. महापालिका, बीसीसीआय, जागतिक कुस्ती संघटना, शिक्षण मंडळ असा निर्णय घेणारा नेमका कोण ते लिहा.

थरांवरथर

महाराष्ट्रातला हवा असेल तर दहीहंडी घ्या. या विषयावर कागदपत्रं भरपूर आहेत आणि वाद अजून जिवंत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली २० फुटांची उंचीमर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंची ठरवणं कायदेमंडळाचं काम आहे म्हणून त्यात हात घातला नाही, आणि १४ वर्षांखालची मुलं नसतील हे सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ जाहीर केला.

यातून निदान तीन वेगळे निबंध निघतात आणि तिन्ही एकत्र केले की घोटाळा होतो. एक, उंचीवर बंधन हवं का. दोन, किमान वय किती असावं. तीन, गोविंदांना क्रीडा आरक्षण द्यावं का. माझ्या मते तिसरा सगळ्यात कसदार. पहिल्या दोघांत ‘परंपरा विरुद्ध सुरक्षितता’ हेच दळण दळलं जातं, तिसऱ्यात मात्र खेळ म्हणजे काय, याची व्याख्या करावी लागते.

क्रीडा आरक्षण पदकावर आणि प्रमाणपत्रावर चालतं. स्पर्धा कोणत्या पातळीची, भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, कितवा क्रमांक आला, हे सगळं तपासलं जातं. दहीहंडीत शंभर-दीडशे जणांचं पथक असतं. प्रमाणपत्र कोणाला द्यायचं? सगळ्यात वरच्या थरावर एकटा चढणाऱ्या एक्क्याला, की तळाला खांद्यावर सगळा भार घेणाऱ्यांना? एकाच दिवशी एकाच शहरात पन्नास हंड्या लागतात, मग राज्य पातळीवर कोण पहिला आणि कोण दुसरा? आधीच बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत, तिथे हा प्रश्न अधिकच बोचतो.

विरुद्ध बाजूही कच्ची नाही. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला. गुरुपौर्णिमेपासून सराव, ठरलेल्या जागा, वजनाचं आणि उंचीचं गणित हे सगळं सांघिक खेळाचंच आहे. तुलनेला स्पेनमधल्या कॅटलोनियाचे मानवी मनोरे घ्या. युनेस्कोने २०१० साली त्यांचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तिथे स्पर्धेत थरांच्या रचनेनुसार गुण देतात आणि वर चढणाऱ्या मुलांना हेल्मेट असतं. म्हणजे मनोऱ्याचं मोजमाप करता येतं, हा दाखला गोविंदांच्या बाजूने वापरता येतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सभागृहातली घोषणा वेगळी आणि शासन निर्णय वेगळा. वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर थांबू नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचे शासन निर्णय तारखेनुसार शोधता येतात. तिथला मूळ मजकूर वाचा आणि त्याचाच दिनांक निबंधात द्या.

खिल्लारप्रेमी

बैलगाडा शर्यतीचा विषयही बरेच जण घेतात, पण ‘बंदी हवी की नको’ एवढाच घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर (तमिळनाडूतला बैलाला काबूत आणायचा खेळ) या शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्यामुळे ‘शर्यती बेकायदा आहेत’ असं गृहीत धरून लिहिलेला निबंध पहिल्याच ओळीत पडतो.

आता खरा प्रश्न घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, नियम पाळले जातात की नाही, आणि ते बघायचं कोणी, हा आहे. चाबूक किंवा टोचणी वापरली तर पुरावा काय ठेवायचा, पशुवैद्यकीय तपासणी शर्यतीआधी की आधी आणि नंतर दोन्ही वेळा, चित्रीकरण कोणाकडे जमा करायचं, असे मुद्दे घ्या. ‘शर्यतींमुळे बैलांची खिल्लार जात टिकते’ हे वाक्य मला मनापासून पटतं, पण निबंधात ते पुराव्याशिवाय लिहू नका. पशुगणनेत जातीनिहाय आकडे असतात. बंदीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तरच त्याला वजन येईल. आणि आकडे घटलेले दिसले तरी ती घट बंदीमुळे की ट्रॅक्टरमुळे, हे वेगळं सांगावं लागेल.

निबंधार्थी

सगळ्यांचे आभार. दहीहंडीचा विषय आवडला, पण वर्गात आणखी दोघांनी तो घेतलाय. माझा कल महिला क्रिकेटकडे आहे. विधान असं केलंय: ‘भारतीय महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकंच मानधन मिळालं पाहिजे.’ हे चालेल का?

धावफलक

या रूपात चालणार नाही, कारण यातला एक भाग आधीच झालेला आहे. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचं मानधन समान केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये, स्त्री-पुरुष दोघांनाही. तपासणाऱ्याला हे माहीत असेल तर तो समासात तेवढंच लिहून निबंध बाजूला ठेवेल.

‘मानधन’ या एका शब्दाखाली तीन वेगळे पैसे येतात, ते आधी सुटे करा. सामन्याचं मानधन समान आहे. वार्षिक कराराची रक्कम समान नाही: २०२२-२३ च्या यादीत महिलांची अ श्रेणी ५० लाखांची होती, पुरुषांची अ श्रेणी ५ कोटींची आणि त्यावरची अ-प्लस ७ कोटींची. अ ची तुलना अ शी केली तर फरक दहापट, सगळ्यात वरच्या श्रेणींची केली तर चौदापट. कोणती तुलना करताय ते सांगितलं नाही तर विरोधक तुमचा आकडा खोटा म्हणून मोकळा होईल. तिसरा पैसा लीगच्या लिलावाचा. तो फ्रँचायझी देतात, बोर्ड नाही, म्हणून तो या विधानात ओढू नका.

विरुद्ध बाजूचा भक्कम मुद्दा उत्पन्नाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, महिला प्रीमियर लीगचे पहिल्या पाच वर्षांचे ९५१ कोटींना. उत्तर द्यायलाही आकडे आहेत: महिला लीगचा एकही सामना झालेला नसताना पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटींना विकले गेले. पुढे २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. मात्र जिंकलो म्हणून पैसे द्या, असा युक्तिवाद करू नका. उद्या हरलो तर तोच उलटेल.

माझ्या मते खरी विषमता सामन्यांच्या संख्येत आहे. २०२३ साली भारतीय पुरुष आठ कसोटी खेळले, महिला दोन. मानधन सारखंच १५ लाख धरलं तर सगळे सामने खेळणाऱ्याला कसोटीतून एक कोटी २० लाख आणि तिला ३० लाख. आणि त्या दोन कसोट्या, नवी मुंबई आणि वानखेडेवरच्या, २०१४ नंतर मायदेशात झालेल्या पहिल्याच होत्या.

गादीमाती

विषय पक्का होण्याआधी एक पर्याय ठेवतो, कारण याच्याइतका घट्ट विषय मिळणं अवघड. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं ५० किलो गटात अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. नियमाप्रमाणे ती फक्त अंतिम लढतीतून बाद झाली नाही, तर आदल्या दिवशी तिन्ही लढती जिंकूनही शेवटच्या क्रमांकावर गेली. विधान असं होईल: ‘जागतिक कुस्ती संघटनेने दुसऱ्या दिवशीच्या वजनात चुकलेल्या मल्लाला त्या दिवसाच्या लढतीतूनच बाद करावं, आदल्या दिवशीचे विजय पुसू नयेत.’

यात बहुतेक निबंध दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे ते देशाच्या दुःखावर लिहिले जातात, नियमावर नाही. दुसरं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने विनेशची दाद फेटाळली म्हणजे नियम योग्य ठरला, असं त्यांत धरलेलं असतं. लवादापुढे प्रश्न नियम लागू होतो का, एवढाच होता. उलट निकालपत्रात लवादाने या नियमाचे परिणाम फार कठोर असल्याचं नोंदवलंय आणि जिथे मल्ल अपात्र ठरला त्या फेरीपुरतंच बाद करणं अधिक न्याय्य वाटतं, असंही म्हटलंय. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा आधार हरलेल्या दाव्याच्या कागदातच आहे!

विरोधकाचा मुद्दा मल्लांच्या आरोग्याचा: दुसऱ्या दिवशी सूट दिली तर मल्ल आणखी खालच्या गटात उतरतील, पाणी तोडून आणि घाम काढून वजन पाडायची सवय वाढेल. त्याला उत्तर देताना लक्षात घ्या, की तुम्ही वजनात सूट मागत नाही, फक्त शिक्षा कुठपर्यंत जावी एवढंच बोलताय. हा फरक दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट केला पाहिजे.

लालशाई

गादीमाती यांचा विषय खरोखर चांगला आहे. पण निबंधार्थी, तुमचा जीव महिला क्रिकेटमध्ये असेल तर तोच घ्या. तीन आठवडे एकाच विषयाचे कागद वाचायचे आहेत.

विषय निवडतानाच शब्दांचा हिशेब मांडून बघा, कारण विषय मोठा आहे की आटोपशीर ते तिथे कळतं. प्रस्तावना आणि विधान १५० शब्द. पार्श्वभूमी, म्हणजे वर धावफलक यांनी दिलेली आकड्यांची फोड, २०० शब्द. तुमचे दोन मुद्दे प्रत्येकी २२५. विरुद्ध बाजू १५० आणि तिला उत्तर १५०. उरलेल्या शंभरात शेवट. यात तिसरा मुद्दा बसत नाही. तो सुचलाच तर आधीच्या दोनपैकी कच्चा काढून टाका. पार्श्वभूमीलाच चारशे शब्द लागत असतील तर विधान अजून रुंद आहे. बैलगाड्याच्या विषयात नेमकं हेच होतं, न्यायालयांचा इतिहास सांगण्यातच निम्मा निबंध जातो.

आधारांपैकी निदान दोन मूळ कागद असावेत: बोर्डाची निवेदनं, करारयाद्या, सामन्यांची वेळापत्रकं. खेळाडूंच्या मुलाखती वापरा, पण त्यांना मत म्हणूनच वापरा. आणि पाचपैकी एक तरी आधार तुमच्या विरुद्ध बाजूचा हवा. तो सापडत नसेल तर वाद खरा नाही किंवा शोध अपुरा आहे.

निबंधार्थी

नवीन विधान: ‘बीसीसीआयने महिलांच्या वार्षिक कराराची रक्कम वाढवावी आणि महिला संघासाठी दरवर्षी निदान चार कसोटी सामने ठेवावेत, कारण सामन्याचं मानधन समान असलं तरी संधी समान नाहीत.’

लालशाई

‘आणि’च्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे निबंध आहेत. कराराच्या रकमेचं विधान थेट उत्पन्नाच्या मुद्द्यावर आदळतं आणि सगळी ताकद तिथेच खर्च होते. सामन्यांचं विधान घ्या. तुमचं ‘संधी समान नाहीत’ हे कारण त्यालाच नीट लागू पडतं. करार पार्श्वभूमीत एका वाक्यापुरता राहू दे.

धावफलक

सहमत. फक्त ‘निदान चार’ हा आकडा सांभाळा. चारच का, तीन का नाहीत, असं बाईंनी विचारलं तर? आकड्याला आधार नसेल तर तो बदला. महिलांच्या कसोट्या नियमित खेळणारे संघ मोजकेच आहेत, भारताशिवाय मुख्यतः इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. म्हणून असं लिहा: ‘इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्याशी होणाऱ्या प्रत्येक द्विपक्षीय मालिकेत बीसीसीआयने महिलांचा एक कसोटी सामना ठेवावा.’ हे शक्य आहे याचा दाखलाही आहे: जून २०२४ मध्ये चेन्नईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अशीच एक कसोटी झाली, भारताने ६ बाद ६०३ वर डाव घोषित केला आणि सामना जिंकला.

विरोधक म्हणेल, देशांतर्गत चार दिवसांचं क्रिकेट नसताना कसोटीची तयारी कुठे होणार? मार्च २०२४ मध्ये बोर्डाने महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा पुण्यात पुन्हा सुरू केली. त्या स्पर्धेची वेळापत्रकं आणि धावफलक बोर्डाच्या संकेतस्थळावर बघा. सामने किती दिवसांचे होते, किती खेळाडूंना संधी मिळाली, याची मोजणी स्वतः करा. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचा पुरावा तिथून मिळेल. मंजुरीला जाताना विधान, विरोधकाचं हे एक वाक्य आणि मिळालेल्या आधारांची नावं एका पानावर लिहून न्या.